कुंची, खोळ आणि मठातला झगा

पुण्याच्या भाचीने नातवाचा बारशाचा फोटो पाठवला होता. लाल खणाची कुंची, तिला जरीचा काठ, आणि आतून दोन डोळे आणि नाक एवढंच बाहेर. त्याखाली तिच्या मुलाने लिहिलं होतं, "मावशीआजी, हा तर सिनेमातला ख्रिस्ती साधूच दिसतोय!" पोरगा गमतीत बोलून गेला. पण सोळाशे वर्षांपूर्वी एका ख्रिस्ती साधूने जवळजवळ हेच लिहून ठेवलेलं आहे, फक्त उलट बाजूने. इजिप्तच्या वाळवंटातले साधू लहान मुलासारखं टोपडं का घालतात, याचं कारण त्याने दिलं आहे. म्हटलं, फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा इथे सविस्तर लिहावं, म्हणजे बाकीच्या मंडळींनाही वाचता येईल.

परदेशातल्या नातवंडांसाठी आधी शब्द सांगते. कुंची म्हणजे तान्ह्या बाळाचं टोपडं, पण नुसती टोपी नाही. डोकं झाकून तीच पुढे मानेवरून पाठीवर उतरते, आणि हनुवटीखाली बंद बांधायचे. दुसरा शब्द खोळ. आमच्या अकलूजकडे पाऊस तसा बेताचाच, पण आला की शेतातला माणूस रिकामं पोतं घेतो, त्याचा तळाचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसतो, आणि झाली खोळ तयार. डोक्यावर घातली की डोकं, मान, पाठ सगळं झाकलं जातं आणि दोन्ही हात खुरपायला मोकळे. धनगर हेच घोंगडीचं करतात. माळशिरस तालुका हा मेंढरांचा मुलूख. सनगरांनी विणलेली काळी घोंगडी म्हणजे धनगराचं अंथरूण, पांघरूण आणि छत्री, सगळं एकच. आषाढात तुकोबांची पालखी अकलूजला येते, रिंगण होतं, तेव्हा पावसाची सर आली तर वारकरी प्लॅस्टिकच्या कागदाची तशीच खोळ करतात. कापड बदललं, पण घडी तीच. जुन्या मराठीत आणखी एक शब्द होता, बुंथी. डोक्यावरून अंगभर घेतलेलं पांघरूण. संतांच्या वाङ्मयात तो भेटतो, बोलण्यातून मात्र गेला.

आता रोमला जाऊ. रोमन लोकांत अशाच डोकं झाकणाऱ्या वस्त्राला 'कुकुल्लुस' म्हणत. (कुंची आणि कुकुल्लुस यांचं नातं लावायचा मोह होतो, पण नाद सारखा म्हणून गोत्र सारखं, असं भाषेत चालत नाही. वर्गात मुलांना हे सांगून सांगून माझा घसा बसला होता.) हे वस्त्र प्रतिष्ठितांचं नव्हतं. पहिल्या शतकात कोलुमेल्ला नावाच्या गृहस्थाने शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात तो जमीनदारांना सल्ला देतो की शेतावरच्या गुलामांना कातडी, ठिगळांची गोधडीवजा वस्त्रं आणि खोळीचे कांबळे द्यावेत. का? तर मग ऊन-वारा-पाऊस कसाही असला तरी कामाचा खाडा होत नाही. गुलामाची कणव म्हणून नव्हे, दिवस वाया जाऊ नये म्हणून! खोळीच्या इतिहासाची सुरुवात अशी आहे. ती कष्टकऱ्याची, गुलामाची, गुराख्याची.

पुढे तिसऱ्या-चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात ख्रिस्ती साधू एकेकटे आणि मग जथ्याने राहू लागले. त्यांच्यात राहून आलेला योहान कासियान नावाचा साधू पुढे फ्रान्समधल्या मार्सेला स्थायिक झाला आणि साधारण सन ४२० च्या सुमारास त्याने मठवासीयांसाठी एक पुस्तक लिहिलं. त्याची सुरुवातच कपड्यांपासून आहे. तो म्हणतो, हे साधू अगदी छोटं, मानेपर्यंत आणि खांद्यांपर्यंत येणारं टोपडं रात्रंदिवस घालतात. हेतू हा की लहान मुलाचं वस्त्र अंगावर असलं म्हणजे लहान मुलाचा निष्पापपणाही सतत आठवत राहावा. म्हणजे साधू कुंचीच घालत होता, आणि ती कुंचीच आहे हे जाणून घालत होता. भाचीच्या मुलाला बाळात साधू दिसला. कासियानला साधूत बाळ दिसलं होतं.

पण मला त्याच्या पुस्तकातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. इजिप्तचा सगळा वेष सांगून झाल्यावर तो आपल्या फ्रान्समधल्या वाचकांना बजावतो की यातलं सगळं जसंच्या तसं उचलू नका. इथली थंडी वेगळी, इथल्या लोकांच्या चालीरीती वेगळ्या. आपल्या प्रदेशाला आणि तिथल्या रिवाजाला मानवेल तेवढंच घ्या.

शंभरेक वर्षांनी इटलीत संत बेनेडिक्टने मठासाठी नियमावली केली. युरोपातले बहुतेक मठ पुढे शतकानुशतकं तिच्यावर चालले. तिचा पंचावन्नावा अध्याय कपड्यांचा, आणि तो वाचताना एखाद्या काटकसरी गृहिणीने लिहिल्यासारखा वाटतो. प्रत्येकाला दोन अंगरखे आणि दोन खोळी, कारण एक धुवायला हवी आणि रात्री बदलायला हवी. हिवाळ्यात खोळ जाड, उन्हाळ्यात पातळ किंवा विरलेली. कामासाठी वेगळं आडवस्त्र. नवं मिळालं की जुनं लगेच परत करायचं, गरिबांना देण्यासाठी. कपडे आखूड तर नाहीत ना, हे मठाधिपतीने पाहायचं. आणि कापड कुठलं? तर जिथे राहता त्या हवेला सोसेल असं, त्या मुलखात मिळणारं आणि स्वस्तात मिळेल ते. रंग कसला, पोत जाडाभरडा का, याची कुरकुर करायची नाही.

ही दोन वाक्यं ध्यानात ठेवा मंडळी, पुढे लागणार आहेत. कापड त्या मुलखातलं असावं, असं ज्यांच्या मूळ नियमात लिहिलं होतं, तेच लोक हजार-दीड हजार वर्षांनी आपल्याकडे आले.

मधल्या काळात या खोळीवरून काय काय रणं माजली ते थोडक्यात सांगते. तेराव्या शतकाच्या आरंभी असिसीच्या फ्रान्सिसने बापाचे कपडे बापाच्या स्वाधीन केले (बाप कापडाचा व्यापारी, हे विसरू नका!) आणि जाडंभरडं वस्त्र अंगावर घेऊन कमरेला दोरी बांधली. त्याच्या पंथाच्या १२२३ सालच्या नियमात असं आहे की नवशिक्याला खोळ नसलेला अंगरखा द्यावा. वर्षभर कसोटी होऊन त्याने व्रत घेतलं की मग खोळीचा. म्हणजे खोळ ही आपल्याकडच्या मुंजीतल्या जानव्यासारखी झाली, ती मिळाली की तुम्ही त्यातले. त्याच नियमात पुढे आहे की कपड्यांना गोणपाटाची ठिगळं लावायला हरकत नाही. आमच्या पोत्याच्या खोळीची आठवण मला तिथे झाली. आणि एक वाक्य फार सुंदर आहे. कुणी मऊ, रंगीत कपड्यांत दिसला तर त्याला तुच्छ लेखू नका, ज्याने त्याने स्वतःचाच न्याय करावा, अशा अर्थाचं.

तुच्छ लेखू नका म्हटलं, तरी शंभर वर्षं व्हायच्या आत त्या पंथातच दोन तट पडले. एक गट म्हणे, आम्ही आखूड, तोकडे, ठिगळांचेच झगे घालणार, फ्रान्सिसने घातले तसे. १३१७ मध्ये पोप बाविसाव्या योहानाने हुकूम काढला की असले झगे टाका आणि वरिष्ठांचं ऐका. काहींनी ऐकलं नाही. मे १३१८ मध्ये मार्से शहरात त्यांतल्या चौघांना जिवंत जाळलं. वाद नुसत्या कापडाचा नव्हता, गरिबी म्हणजे नेमकं काय याचा होता, हे खरं. पण तो लढला गेला झग्याच्या लांबीवरून. ज्या मार्सेमध्ये कासियानने मुलांच्या टोपड्याविषयी लिहिलं, त्याच गावात हे घडावं, याला काय म्हणावं.

आणखी दोनशे वर्षांनी त्याच फ्रान्सिसच्या पंथातून एक नवी शाखा फुटली. तिचं म्हणणं, फ्रान्सिसची मूळ खोळ लांब आणि टोकदार होती. १५२८ मध्ये पोपने त्यांना मान्यता दिली. इटालियन भाषेत खोळीला 'कापुच्चो', त्यावरून रस्त्यातली पोरं त्यांच्यामागे ओरडायची ते नाव त्यांना चिकटलं, कॅपुचिन. त्यांच्या तपकिरी झग्याच्या रंगावरून कॉफीला कापुचिनो म्हणू लागले. अमेरिकेतल्या एका माकडाच्या जातीलाही तेच नाव मिळालं. आमची नातवंडं पुण्यात दोन-अडीचशे रुपये मोजून जे पितात त्याच्या मुळाशी एक भिक्षेकरी साधू आहे, हे त्यांना मी एकदा ऐकवलंच. असो.

आता आपल्या मुलखात येऊ. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात हे सगळे पंथ गोव्यात आणि वसईला आले. तपकिरी-करड्या झग्याचे फ्रान्सिस्कन, पांढऱ्यावर काळा झगा घालणारे डोमिनिकन, काळ्या झग्याचे ऑगस्टिनियन. वसईच्या किल्ल्यात त्यांच्या चर्चचे आणि मठांचे अवशेष आजही उभे आहेत, आणि बोरीवलीजवळच्या मंडपेश्वरच्या शैव लेण्यात फ्रान्सिस्कनांनीच चर्च केलं होतं. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि तिथला तो अध्याय संपला. तिथल्या घंटा मराठ्यांनी आणल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला त्या पाहायला मिळतात. घंटा धातूची म्हणून राहिली. झगे कुठे राहायचे?

जुन्या गोव्यात ऑगस्टिनियनांच्या मठाचा मनोरा अर्धा उभा आहे, तो बऱ्याच जणांनी पाहिला असेल. १८३४ मध्ये पोर्तुगालच्याच सरकारने पुरुषांचे मठ बंद करण्याचा हुकूम काढला आणि १८३५ मध्ये गोव्यात तो अमलात आला. मठ ओस पडला, १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि निम्मा मनोरा पडला. त्याच्या समोरच संत मोनिकाचा स्त्रियांचा मठ. १६०६ मध्ये सुरू झालेला, आशियातल्या स्त्रियांच्या अगदी पहिल्या ख्रिस्ती मठांपैकी. त्यातल्या बायकांना बाहेर काढलं नाही, पण नवी कुणी घ्यायची नाही असं ठरलं. मग एकेक जण जात राहिली. शेवटची १८८५ मध्ये गेली. तो सबंध वाडा आणि त्यात उरलेल्या आठ, मग चार, मग दोन म्हाताऱ्या... मला त्या मनोऱ्यापेक्षा या बायकांचा विचार जास्त छळतो.

ख्रिस्ती व्रतस्थ बायकांच्या डोक्यावरचं वस्त्र हे खरं तर खोळीच्या कुळातलं नव्हेच. त्याचं मूळ वधूच्या वस्त्रात आहे. रोमन वधू डोक्यावरून वस्त्र घेई. ख्रिस्ती कुमारिकेने व्रत घेतलं की ती ख्रिस्ताची वधू झाली, म्हणून तिच्या डोक्यावरही ते आलं. असिसीची क्लारा १२१२ च्या सुमारास एका रात्री घरातून निघाली आणि फ्रान्सिसने स्वतः तिचे केस कापले. म्हणजे केस कापलेले, डोकं कायम झाकलेलं, रंग एकच, दागिना नाही. माझ्या वयाच्या ज्यांनी जुनी घरं पाहिली आहेत त्यांच्या डोळ्यांसमोर हे वाचून काय येईल ते सांगायला नको.

माझ्या वडिलांची आत्या सोवळी होती. लाल आलवण, ते कपाळापर्यंत ओढलेलं. न्हावी मागच्या दाराने यायचा आणि त्या वेळी आम्हा मुलांना माडीवर पिटाळायचे. मे महिन्यात अकलूजला पारा चाळिशीच्या वर जातो. तेव्हाही तो पदर मी कधी मागे सरलेला पाहिला नाही. तिला अकराव्या वर्षी विधवापण आलं आणि ती ऐंशी वर्षांची होऊन गेली. हिशेब तुम्हीच करा.

दिसायला दोन्ही सारखंच. अर्थ मात्र अगदी विरुद्ध. त्या मठातल्या बाईचं वस्त्र म्हणतं, मी सवाष्ण आहे आणि कायमची सवाष्ण राहणार. आमच्या आत्याआजीचं आलवण म्हणत होतं, हिचं सगळं संपलं. एकीने मागून घेतलं, दुसरीवर लादलं. तरी हेही तितकं सरळ नाही. युरोपात लग्नाचा हुंडा परवडेना म्हणून मुलींना मठात टाकायची रीत सर्रास होती. व्हेनिसची आर्कांजेला ताराबोत्ती (१६०४ ते १६५२) ही अशीच इच्छेविरुद्ध मठात घातलेली. तिने बापांच्या जुलमावर एवढ्या तिखट शब्दांत लिहिलं की आपल्या ताराबाई शिंद्यांची आठवण यावी. म्हणजे मठातही एखादी आलवणवाली होतीच.

हे सगळं जिच्या आयुष्यात एकत्र आलं ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई. आणि ते आलं पुण्यात.

१८७० च्या दशकात इंग्लंडातून दोन अँग्लिकन संघ आपल्याकडे आले. ऑक्सफर्डजवळच्या काउलीचे फादर १८७४ मध्ये, आणि वाँटेज गावच्या संत मरियेच्या संघाच्या सिस्टर १८७७ मध्ये. पुण्यात गुरुवार पेठेतलं पंचहौद मिशन हे त्यांचं ठाणं. तिथलं पवित्र नाम देवालय १८८५ चं. हो, चहाचं प्रकरण झालं ते हेच पंचहौद! १४ ऑक्टोबर १८९० ला रानडे, टिळक वगैरे मंडळी तिथे गेली, चहा-बिस्किटं पुढे आली, कुणी घेतली कुणी नाही, आणि पुढे दोन वर्षं पुण्यात ग्रामण्य आणि प्रायश्चित्त यांचा धुरळा उडाला. आम्ही शाळेत तो प्रसंग चहाच्या बाजूने शिकवायचो. ज्यांच्या घरी तो चहा होता ते कोण, कसे राहत, काय नेसत, हे पाठ्यपुस्तकात कधीच नव्हतं.

ते नेसत होते तो बेत युरोपचा. पायघोळ झगे, कमरेला दोरी किंवा पट्टा, सिस्टरांच्या डोक्यावरून पाठीवर सोडलेलं वस्त्र. लोकांच्या दृष्टीने तो साहेबाचाच एक वेष. आता गंमत पाहा. आपल्याकडे वैराग्याचा वेष कुणाला समजावून सांगावा लागत नाही. भगवं दिसलं की खेड्यातली म्हातारीसुद्धा पाया पडते. आणि ज्यांनी घरदार, पैसा, लग्न सगळं खरोखर सोडलेलं होतं, ते लोक पुण्याच्या रस्त्यावर फिरत असताना कुणाला त्यांच्यात विरक्त दिसत नव्हता. साहेबाचा माणूस दिसत होता. कासियान आणि बेनेडिक्ट दोघांचं सांगणं विसरल्याची ती किंमत होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

या काउलीच्या संघात एक मराठी माणूस ओढला गेला होता, नीलकंठशास्त्री गोरे. १८२५ चा जन्म, चित्पावन, काशीत वाढलेला, दर्शनशास्त्रांचा जबर व्यासंग. मिशनऱ्यांना वादात हरवायला गेले आणि १८४८ मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेतला, नेहेम्या झाले. पन्नाशीत, १८७६ मध्ये, काउलीला जाऊन त्यांनी संघाची उमेदवारी केली. पण शेवटचं व्रत त्यांनी घेतलं नाही. परत आले आणि अखेरपर्यंत, म्हणजे १८९५ पर्यंत, संघाच्या लोकांबरोबर पण संघाच्या उंबऱ्यावरच राहिले. ते फादर गोरे म्हणूनच ओळखले गेले. फ्रान्सिसच्या नियमाच्या भाषेत सांगायचं तर नवशिक्याचा अंगरखा घातला, पण खोळ डोक्यावर आली नाही.

रमाबाईंवर गोऱ्यांचा मोठा प्रभाव पडला. वाँटेजच्या सिस्टरांच्या ओळखीने त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या मठातच राहिल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पंचविशीतली विधवा, मांडीवर मनोरमा. सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. दोघींचा पत्रव्यवहार पुढे १९७७ मध्ये अ. भि. शहांनी संपादित केला, तो मिळाला तर जरूर वाचा. त्यात रमाबाई सारख्या भांडतात. मांसाहार करणार नाही म्हणून भांडतात. हिंदुस्थानातल्या बायकांच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नाही, म्हणून भांडतात. सिस्टरांना वाटे, ही अहंकारी आहे, वाकत नाही. रमाबाईंचं म्हणणं, देवापुढे वाकेन, तुमच्या चालीरीतींपुढे का वाकू? त्या मठात राहिल्या पण मठाच्या झाल्या नाहीत. अंगावर अखेरपर्यंत पांढरी साडीच राहिली.

आणि परत आल्यावर त्यांनी केलं काय? ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं, आणि विधवांना डोक्यावरचं ओझं उतरवायला जागा दिली. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. तिने १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई, सगळ्यांची बाया कर्वे झाली. तिची बहीण पार्वतीबाई आठवले हिनेही पुढे केशवपन सोडलं. 'माझी कहाणी'त ते आलं आहे. रमाबाईंचं केडगावचं मुक्ती मिशन तर आमच्या सोलापूर-पुणे रेल्वेच्या वाटेवरच. आमच्या आत्याआजीला त्या वाटेने जाणं कुणी सुचवलंही नसेल, आणि सुचवलं असतं तर तिने कानांवर हात ठेवले असते, हेही मला माहीत आहे.

वेषाचं कोडं सोडवलं ते पुढच्या पिढीने. १९१७ मध्ये रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि ख्रिस्ती राहून संन्यास घेतला. दोनच वर्षांत ते गेले. त्यांचं चरित्र इंग्रजीत लिहिणारा जॅक विन्स्लो हा इंग्रज पाद्री अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात काम करत होता. त्याने १९२२ मध्ये तिथल्याच मिरी या गावात ख्रिस्त सेवा संघ सुरू केला. हिंदी आणि इंग्रज माणसं एकाच छपराखाली, जमिनीवर बसणं, शाकाहारी जेवण, आणि अंगावर खादीचा झगा. पुढे संघ पुण्यात शिवाजीनगरला आला. १९२७ मध्ये ऑक्सफर्डहून व्हेरियर एल्विन आला तो या संघात. गांधीजींचा मोठा प्रभाव त्याच्यावर पडला, आणि संघातल्याच शामराव हिवाळ्यांना घेऊन १९३२ मध्ये तो गोंडांच्या मुलखात राहायला गेला. ती कथा वेगळी आणि मोठी आहे.

मला सांगायचं आहे ते खादीचं. जिथे राहता तिथलं, तिथल्या हवेला सोसणारं, गरिबाला परवडणारं कापड. बेनेडिक्टचा पंचावन्नावा अध्याय काय वेगळं सांगत होता? लोकांना वाटलं, विन्स्लोने परंपरा मोडली. मला वाटतं, पुण्यात आलेल्या त्या सगळ्यांत परंपरा पाळली ती त्यानेच. कवठीचाफ्याच्या झाडाला कुणी इंग्रजी नाव दिलं म्हणून त्याचा वास बदलत नाही, पण गुलाबाच्या कुंडीत ते लावायचा हट्ट धरला तर झाड मरतं.

आता यातला एक मजेदार फेरा. या पुण्याच्या संघातला आल्जी रॉबर्टसन नावाचा पाद्री १९३० च्या सुमारास इंग्लंडला परतला. तिथे त्याने आपल्यासारखीच माणसं गोळा केली आणि १९३० च्या दशकातच त्यातून अँग्लिकनांचा संत फ्रान्सिस संघ उभा राहिला. त्यांचा वेष काय? तपकिरी झगा, कमरेला दोरी, पाठीवर खोळ. पुण्यात जी बाजूला ठेवली होती तीच तिथे त्यांनी डोक्यावर घेतली, आणि बरोबर केलं. डॉर्सेटच्या थंडी-पावसात खोळच हवी.

कॅथलिक चर्चने हे ठरवायला १९६५ साल उजाडलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने त्या वर्षीच्या ऑक्टोबरात सांगितलं की व्रतस्थांचा वेष साधा असावा, आरोग्याला धरून असावा, स्थळकाळाला जुळणारा असावा, आणि नसेल तर बदलावा. मदर तेरेसांनी १९४८ मध्येच निळ्या काठाची पांढरी साडी नेसून ते करून टाकलं होतं. डोक्यावरून घेतलेला पदर ही आपल्याकडे आधीपासून होतीच की, शिवावी न लागणारी खोळ!

शिवाजीनगरचा तो आश्रम मध्ये काही वर्षं बंद पडला होता. १९७२ मध्ये तो पुन्हा उघडला तो बायकांनी. एकीकडे वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टर आणि दुसरीकडे सेक्रेड हार्टच्या कॅथलिक सिस्टर. एकमेकींच्या चर्चमध्ये पाऊल न टाकणारे हे दोन पंथ एका घरात राहू लागले. वंदना माताजी आणि सारा ग्रँट ही त्यांतली ठळक नावं. सारा ग्रँट स्कॉटिश, पण शंकराचार्यांच्या वेदान्तावर पीएच.डी. केलेली. ज्या संघाला रमाबाईंचं संस्कृत क्रुसावर नको होतं, त्याच संघाच्या बायका शंभर वर्षं व्हायच्या आत त्याच पुण्यात उपनिषदं वाचायला बसल्या.

पंचहौदाच्या आसपास वाढलेलं कुणी हे वाचत असेल तर एक विनंती. वाँटेजच्या सिस्टर तुम्ही लहानपणी पाहिल्या असतील, तर त्यांनी झगा टाकून साडी नेमकी कधी नेसली आणि पेठेतल्या बायका तेव्हा काय म्हणाल्या, ते जरूर लिहून पाठवा. भाचीला सांगितलंय, कुंची नीट धुऊन ठेव. खणाची आहे, साबण लावू नकोस.